काट्यांची साक्ष

जुन्या डिझेल मोटारीचे वय तिच्या रंगापेक्षा चालकासमोरच्या तबकड्यांवरून लवकर कळते. २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसिडर किंवा १९९४ साली आलेली टाटा सुमो अजूनही कोठे कोठे रस्त्यावर दिसते. तिचे इंजिन इमानाने धडधडत असते. काटे मात्र लहरी झालेले असतात. टाकी भरली तरी डिझेलचा काटा तळाशी लोळतो. चालक काचेवर टिचकी मारतो, काटा जरासा हलतो आणि दुखणे पुढे ढकलले जाते.

डिझेल गाडीत ही ढकलाढकल महाग पडते. पेट्रोल संपले तर डबाभर आणून ओतले की बहुधा भागते. डिझेल संपले की नळ्यांत आणि पंपात हवा शिरते. मग फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून, हातपंप दाबत, बुडबुडे थांबेपर्यंत ती हवा बाहेर काढावी लागते. रात्री घाटात हे काम ज्याच्या वाट्याला आले, तो पुन्हा टिचकीवर विसंबत नाही.

जाणता कारागीर पाना उचलण्यापूर्वी काटे मोजतो. किती काटे बिघडले आहेत? दोन-तीन काटे एकाच दिवशी खोटे बोलू लागले, तर तो योगायोग क्वचितच असतो. त्यांचा सामाईक वीजपुरवठा, फ्यूज किंवा गंजलेले अर्थिंग आधी तपासावे. काही जुन्या गाड्यांत एक लहानशी डबी या काट्यांना सुमारे १० व्होल्टचा स्थिर दाब पुरवते. ती बिघडली की डिझेल आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच बाजूला झुकतात.

बिघडलेला काटा एकटाच असेल, तर वाट टाकीकडे जाते. टाकीतला फ्लोट वर-खाली होतो, तसा त्याचा दांडा तारेच्या वेटोळ्यावरून सरकतो आणि विजेला होणारा रोध बदलतो. टाकीचे झाकण घट्ट लावून, सेंडरची वायर सोडवून ती क्षणभर गाडीच्या सांगाड्याला टेकवावी. बहुतेक जुन्या गाड्यांत काटा ‘भरली’ या खुणेकडे धावतो. काहींत उलट दिशेने. धावला तर काटा आणि वायर निर्दोष आहेत. दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. जागचा हलला नाही, तर शोध डॅशबोर्डकडे वळवावा. एवढी साधी परीक्षा न करता नवे भाग बदलत सुटणे, याला दुरुस्ती कसे म्हणावे?

इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याची कथा वेगळी आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. त्यामुळे पुष्कळ गाड्यांत हा काटा आपली खूण अल्टरनेटरकडून घेतो. तो अडखळू लागला आणि चार्जिंगचा दिवाही मिणमिणू लागला, तर तबकडी उघडण्याआधी पट्टा दाबून पाहावा. जुने डिझेल इंजिन विजेवाचूनही चालत राहते, म्हणून हा बिघाड बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत लपून राहू शकतो.

सर्वांत फसवा काटा तापमानाचा. त्याचा सेंडर पाण्यात बुडालेला असतो. रेडिएटर गळून पाणी उतरले की तो कोरडा पडतो, आणि इंजिन भाजून निघत असताना काटा चक्क खाली येऊ शकतो. घाट चढताना काटा अचानक उतरला, तर हायसे वाटून घेऊ नये. गाडी थांबवावी, इंजिन निवू द्यावे आणि मगच झाकण उघडून पाणी पाहावे.

तेलाच्या दाबाचा काटा पडला, तर तो खरा की खोटा याचा विचार नंतर. आधी इंजिन बंद करावे, मग कांडी काढून तेल पाहावे. तेल पुरेसे असेल, तर सेंडरच्या जागी यांत्रिक दाबमापक जोडून, इंजिन थोडाच वेळ चालवून पाहावे. दाब योग्य निघाला, तर सेंडर आणि त्याची वायर तपासून काम भागते. कमी निघाला, तर काटा खरेच बोलत होता. गाडी तेथून दुसऱ्या वाहनाला बांधून न्यावी.