दुसरा स्पर्श

देवनारच्या डंपिंगवर मुंबई 1927 पासून आपलं नकोसं टाकते आहे. 2016 च्या जानेवारीत तिथला कचरा पेटला, धूर शहरभर पसरला, तेव्हा शहराला शेजारची गोवंडी दिसली. स्वतःचे डोळे चुरचुरले म्हणून. एरवी लिंक रोडवरून जाताना तिथलं शिवाजीनगर, बैंगनवाडी म्हणजे नुसते पत्रे आणि ताडपत्र्या.

मार्काच्या शुभवर्तमानात बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर हात ठेवतो, काही दिसतं का विचारतो. माणसं दिसतात, तो म्हणतो, पण चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा कुठे त्याला लख्ख दिसतं. खुद्द देवाच्या पुत्राला दुसऱ्यांदा हात लावावा लागला, म्हणून मला ही गोष्ट सगळ्यांत खरी वाटते. बाप्तिस्मा झाला, प्रार्थना पाठ झाल्या, तरी आपल्यापैकी बरेच जण झाडांपाशीच थांबलेले असतात. नाताळात ब्लँकेटं वाटताना समोर 'गरीब' दिसतात, पण काच-पत्रा वेचून पाठ धरलेली, भंगारवाला काटा मारतो म्हणून चिडलेली बाई काही दिसत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांना दिसलं, तेही सावकाश. त्यांचे पती नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, पण सोवळं सांभाळून, वेगळ्या चुलीवर. विचार करता करता त्यांना पटलं की जात माणसानेच केली, आणि त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. 1900 मधला त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. नजर आधी स्वयंपाकघरात बदलली. चर्चचं पुढे झालं.

ख्रिस्ताचीही रीत तीच. जकातीच्या नाक्यावर बसलेल्या, लोकांनी पापी ठरवलेल्या लेवीला त्याने पाहिलं, ये म्हणाला, आणि मग त्याच्याच घरी पंगतीला बसला. धर्मपंडितांना राग आला तो त्या जेवणाचा. त्याने लेवीला लांबूनच काही दान धाडलं असतं, तर कोणी हूं की चूं केलं नसतं.

द्यायला हात पटकन पुढे होतो. घ्यायची वेळ आली की आपल्याला उशीर होत असतो. यंदा नाताळात गोवंडीला गेलात आणि एखाद्या मावशीने चहा पुढे केला, तर बसा आणि प्या.