चौलला उतरलेल्या रशियनाची वही

दोष काढू नका, या येशूच्या आज्ञेवर शिकवायची वेळ आली की मी डोंगरावरचं प्रवचन बाजूला ठेवतो. कुसळ-मुसळाचा दृष्टांत सगळ्यांना पाठ असतो, आणि पाठ असलेलं कुणी ऐकत नाही. चर्चचा इतिहास हा माझा विषय. तिथून मी रशियन प्रवासी अफानासी निकितिनला बोलावतो. चौलशेजारच्या रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे.

त्वेरचा हा व्यापारी 1469 च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. व्होल्गाच्या वाटेवर तातारांनी त्याला लुटलं, तेव्हा मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकंही गेली. मग ईस्टर कधी, उपास कधी धरायचे, काहीच कळेना. तो अंदाजाने दिवस मोजी, मुसलमानांच्या रोज्यांत उपास करी. जुन्नरला तिथल्या असदखान या सरदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि अट घातली: मुसलमान हो, घोडा परत मिळेल, वर हजार मोहरा. मुदत चार दिवस. एका खुरासानी खोजाने रदबदली केली म्हणून तो सुटला. तरी इथे त्याने लावलेलं नाव खोजा युसुफ खुरासानी, आणि त्याने लिहिलेल्या प्रवासाच्या वहीची अखेर अरबी प्रार्थनेने. काही अभ्यासक म्हणतात त्याने धर्म सोडला, काही म्हणतात नाही.

मला त्याची हिशेबाची रीत मोलाची वाटते. काय खाल्लं, काय वर्ज्य केलं, कुठला सण हुकला, सगळं तो लिहितो आणि रडतो. सबब सांगत नाही, स्वतःला नरकातही धाडत नाही. खरा धर्म कोणता ते देवावर सोपवतो. बिदरच्या हिंदूंना आपण ख्रिस्ती असल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा त्यांनी जेवण, व्यापार, पूजा काही लपवलं नाही. त्यानेही जे दिसलं ते बहुधा टोमणा न मारता टिपलं. हिंदुस्थानात रशियाजोगा माल भरपूर आहे, असं सांगून फसवणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांना मात्र त्याने कुत्रे म्हटलंय. न्यायाचा काटा तिथे ढळला. धंद्यात बुडालेल्या माणसाचा तेवढा राग मी धरून बसत नाही.

रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात पौलाने नेमके हेच वाद घेतले आहेत: कोण काय खातो, कोण कुठला दिवस पाळतो. चाकराचा निवाडा त्याच्या धन्याने करायचा. करिंथकरांस पहिल्या पत्रात (4:3-4) तो आणखी पुढे जातो: मी स्वतःचाही निवाडा करत नाही. उपदेशक हे वचन सहसा टाळतात, कारण स्वतःला झोडपणं म्हणजेच नम्रता असं आपल्याला शिकवलेलं असतं. पण स्वतःला झोडपणाराही न्यायाधीशाच्याच खुर्चीत बसलेला असतो.

ती खुर्ची चर्चने पुढे सरळ बळकावली. चौल पोर्तुगिजांकडे गेलं; 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसलं आणि त्याची सत्ता या किनाऱ्यापर्यंत पोचली. उपास कुठला केला, मांस कुठलं टाळलं, यावरून माणसं पकडली गेली. औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ऑर्ता गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता असं ठरवून, त्याच्या मृत्यूनंतर 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. निकितिन शंभर वर्षं उशिरा आला असता, तर त्याची वही पुरावा म्हणून दाखल झाली असती.

ती वही 1475 मध्ये मॉस्कोला पोचली. तो स्वतः घरी पोचण्याआधीच स्मोलेन्स्कजवळ वारला. तो ख्रिस्ती म्हणून मेला का, हा प्रश्न मी परीक्षेत घालत नाही.