बुरूड राजाच्या कोटावर

बुद्धपौर्णिमेला आठ दिवस राहिले असताना आमच्या वस्तीतल्या विहारावरचा पंचशील ध्वज रात्रीतून कुणीतरी उतरवला. सकाळी तो गटाराच्या कडेला सापडला. पोरे खवळली. म्हातारी माणसे म्हणू लागली, यंदा ध्वज नको, मिरवणूक नको, उगाच तंटा कशाला? शेवटी महिला मंडळाच्या ताई म्हणाल्या, "रविवारी सगळे सोपाऱ्याला चला. काय करायचे ते तिथून आल्यावर ठरवू."

डबे, पाण्याच्या बाटल्या, कडेवरची पोरे असे आम्ही बावीस जण विरार लोकलने नालासोपाऱ्याला उतरलो. पश्चिमेला रिक्षा करून सोपारा गावात गेलो. स्तूपाच्या टेकाडाला इथे बुरूड राजाचा कोट म्हणत आले आहेत. राजा, आणि तोही बुरूड! आम्हाला ते नाव फार आवडले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी हे टेकाड खणले. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक करंडक आणि भिक्षापात्राच्या म्हणून मानलेल्या खापऱ्या निघाल्या. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच गावात मिळाला. तो आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आज इथे विटांचा ढिगारा तेवढा दिसतो.

वंदना झाल्यावर झाडाखाली बसून ताईंनी पुण्णाची गोष्ट सांगितली. पुण्ण भिक्खू सुनापरांताला धम्म सांगायला निघाला. सुनापरांत म्हणजे हाच भाग, असे अभ्यासक मानतात. भगवंतांनी विचारले, तिथले लोक उग्र आहेत; शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाला, हाताने मारले नाही, लोक भलेच म्हणेन. हाताने मारले तर? ढेकळे मारली नाहीत म्हणेन. असे ढेकळांवरून काठीवर, काठीवरून शस्त्रावर, थेट जीव घेण्यापर्यंत प्रश्न गेले. पुण्ण डगमगला नाही. तेव्हा भगवंतांनी त्याला जायला सांगितले.

"मग त्याला मार बसला का?" एका पोराने विचारले.

"सुत्तात तसे काही नाही. तो गेला, एवढे आहे. आणि त्याच वर्षावासात पाचशे उपासक, पाचशे उपासिका झाल्या."

एक तरुण रागाने म्हणाला, म्हणजे आपण सोसतच राहायचे? ताईंनी त्याला गप्प केले नाही. म्हणाल्या, "अरे, पुण्ण घरी कुठे बसला? ज्यांची भीती घालत होते, त्यांच्यातच बोलायला गेला. हात उचलायचा नाही एवढेच. तक्रार मात्र करायची, आणि ध्वजही लावायचा." आम्हाला हे पटले. देव धावून येईल ही आपली श्रद्धा नव्हे. आपण चाललो ती वाट खरी आहे, ही श्रद्धा. ती असली की पाय आपोआप घट्ट होतात.

सोमवारी सकाळी आम्ही दहा बायका पोलीस चौकीत जाऊन तक्रार लिहून आलो. धुतलेला ध्वज ताईंच्या पिशवीतच होता. संध्याकाळी, उजेड असताना, सगळ्या वस्तीसमोर तो चढवला. दोरी धरली होती 'यंदा ध्वज नको' म्हणणाऱ्या आजींनी.