पुटींतील निद्रा

वैशाखांत दहिवलीच्या भातखाचरांना भेगा पडल्या, कीं त्या मातीला मेलेली म्हणण्याचा मोह होतो. आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों, तींतील चिमूटभर माती गवताच्या काढ्यांत भिजवा आणि कांहीं तासांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहा. वालाच्या दाण्याच्या घाटाचा, सूक्ष्म केसांच्या वल्ह्यांनीं पोहणारा कोल्पोडा हा एकपेशीय जीव तेथें दिसूं लागतो.

पाणी आटतांना हा जीव गोल होतो, अंगचें पाणी टाकतो, केस आवरतो आणि जाड कवचाच्या पुटींत निजतो. ओल मिळाली, कुजत्या गवताचे रस पोंचले, कीं देह फुगतो, पाणी बाहेर टाकणारी पोकळी पुन्हां स्पंदूं लागते, कवच फुटतें, पातळ आंतरपटलांत तो गरगर फिरतो आणि तेंही भेदून मोकळा होतो. अवकाळी सरीनंतर माती लगेच सुकली तर? वेळ मिळाल्यास तो पुन्हां पुटी बांधतो. न मिळाल्यास मरतो. जागें होणें हें त्याचें साहसच होय.

वर्गांतील मागच्या बाकांवरचें मौन पाहतांना आम्हांस हें आठवतें. वाल भिजत घालून मोडांची वाट पाहणाऱ्या गृहिणीचा धीर आम्हां शिक्षकांसही हवा. आधीं पाणी घालावें. मेलें कीं निजलें, तें मग ठरवावें.