म्हातारीचं बेट

स्कॉटलंडमधल्या बालमहाच्या धक्क्यावर मी ऐटीत बेटाचं नाव घेतलं, 'इंचकायलॉक', आणि होडीवाला हसला. शेवटी 'क' नाही, घसा खाकरताना निघतो तसा 'ख'. 'इंच'सुद्धा मोजपट्टीवरचा नव्हे; गेलिकमधल्या 'इनिश'चं, म्हणजे बेटाचं, ते झिजलेलं रूप. 'कैलाख' म्हणजे म्हातारी. किंवा डोकं झाकून घेतलेली जोगीण. संत केंटिगर्ना आठव्या शतकात इथेच वारली असं मानतात. आता बेटावर कुणी राहत नाही.

लोमंड सरोवरातला हा प्रवास इतका छोटा की जॅकेटची चेन लावेपर्यंत उतरायची वेळ झाली. मे महिना होता. ओकच्या झाडांखाली निळ्या घंटाफुलांचा सडा. या ओकची साल एके काळी कातडी कमवायला जायची.

बेटाचा माथा जेमतेम 85 मीटर. सह्याद्री पालथा घातलेल्या बाईला त्याचं काय! पण शेवटच्या चढाला मी चांगलीच धापले. थांबले म्हणून पायाखालचा दगड नीट दिसला. गुळाच्या पाकात शेंगदाणे धरून बसावेत तसे गोटेच गोटे. चिक्कीच ती, फक्त नदीने केलेली.

वर पोचले आणि नकाशावरची रेघ खरीच समोर आली. ईशान्येला कॉनिक हिल, नैऋत्येला टॉरिंच, क्रीइंच, इंचमरिन ही बेटं, सगळी एका ओळीत, मधे मी. अ‍ॅरन बेटापासून स्टोनहेवनपर्यंत स्कॉटलंडला तिरकी चिरत जाणारी भूकवचातली भेग ती हीच. तिच्या उत्तरेचा खडक कणखर. तिथे हिमनदीला अरुंद खोल चर कोरावा लागला, तळ सुमारे 190 मीटरवर. सरोवराचं पाणी समुद्रापेक्षा फार तर आठ मीटर उंच, म्हणजे तो तळ समुद्रपातळीच्याही कितीतरी खाली. दक्षिणेला खडक मऊ, बर्फ ऐसपैस पसरलं, पाणी रुंद आणि उथळ झालं. शेजारचे सगळे उत्तरेकडच्या बेन लोमंडचे फोटो काढत होते. मी मात्र त्या ओळीवरून नजर काढेना.

उतरताना जुन्या चर्चची जागा लागली. रविवारी आसपासचे लोक वल्ही मारत प्रार्थनेला यायचे. चर्च बंद पडल्यावरही माणसं यायची, पण खांद्यांवरून. इथलं दफन थेट 1947 पर्यंत चालू होतं. एका थडग्यावरचं शेवाळ बोटाने पुसत अक्षरं लावत होते, एवढ्यात धक्क्याकडून इंजिनाचा आवाज आला. परतीची होडी. तशीच चिखलातून पळाले.