दहा माणसांची रेघ

उरणच्या बाजारपेठेत काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलीला जे मिळतं, त्याच्या किती पट तेच काम करणाऱ्या अमेरिकेतल्या, जर्मनीतल्या किंवा दुबईतल्या मुलीला मिळतं, हा प्रश्न संपादकांनी या अंकासाठी विचारला. वेतनांची तुलना हाच माझा विषय असल्याने तो माझ्यापुढे सतत येत असतो, आणि विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. आकडा देता येतो, पण एकदा तो दिला की पुढचं कुणी ऐकून घेत नाही, ही या विषयातली माझी जुनी खंत आहे. डॉलर आणि युरोला रुपयांनी गुणून केलेले तक्ते मोबाइलवर फिरत असतात. ते पाहून निम्मी माणसं हळहळतात आणि उरलेली ‘तिकडे महागाईही तेवढीच असते’ म्हणून विषय मिटवतात. दोघांनाही अर्धंच कळलेलं असतं. म्हणून आधी तो आकडा कसा तयार होतो ते पाहू.

समजा, कापडाच्या दुकानातल्या एका मुलीला महिना १२,००० रुपये पगार आहे. रोज नऊ तास आणि महिन्याला २६ दिवस धरले तर २३४ तास होतात, म्हणजे तासाला ५१ रुपये. अमेरिकेचं संघीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि जुलै २००९ पासून त्यात वाढ झालेली नाही. डॉलर ८८ रुपयांना धरला तर तासाचे ६३८ रुपये होतात, म्हणजे उरणच्या साडेबारा पट. पण अमेरिकेतली मुलगी घरभाडं डॉलरात भरते आणि जेवणही डॉलरात विकत घेते. तिथे एका डॉलरला जेवढा माल आणि ज्या सेवा मिळतात, तेवढ्यासाठी भारतात साधारण २० रुपये पुरतात, असं जागतिक बँकेच्या किंमत-तुलनेतून दिसतं. त्या दराने उरणचे ५१ रुपये अडीच डॉलरच्या थोडे वर जातात आणि साडेबारा पटीचं अंतर तीन पटींच्याही खाली येतं. (अमेरिकेतली अनेक राज्यं संघीय दरापेक्षा जास्त देतात आणि वॉलमार्टने २०२३ मध्ये आपला सुरुवातीचा दर १४ डॉलर केला, म्हणजे हे अंतर पुन्हा वाढतं.) मुली त्याच, तास तेच, आणि उत्तरं दोन. दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत.

यातलं दुसरं उत्तर पुष्कळांना दिलासा देतं, आणि मला तिथेच थांबावंसं वाटतं. वीस रुपयांत डॉलरभर गोष्टी मिळतात, कारण इथे केस कापून घेणं, कपडे शिवून घेणं, घरकाम, रिक्षा, दुकानातली सेवा हे सगळं स्वस्त आहे. ते स्वस्त आहे, कारण ते करणाऱ्यांना कमी पैसे मिळतात. म्हणजे त्या मुलीचा पगार कमी असल्यामुळे जी स्वस्ताई तयार झाली, तीच तिच्या कमी पगाराचं समर्थन म्हणून पुढे केली जाते. शिवाय मोबाइल, पेट्रोल, सोनं या गोष्टी तिला वीस रुपयांच्या दराने मिळत नाहीत. आणि हा दर साऱ्या देशाचा सरासरी आहे. सिडकोने वसवलेल्या भागाला लागून, बंदर आणि विमानतळ यांच्या जवळ असलेल्या गावात घरभाडं द्यावं लागतं, हे त्या सरासरीला माहीत नसतं.

या भांडणातून वाट काढण्याचा मला सर्वांत पटलेला प्रयत्न ऑर्ली अॅशेनफेल्टर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा आहे. जगभरातल्या मॅकडोनाल्डमध्ये काम एकाच पद्धतीने चालतं. यंत्रं तीच, शिकवण तीच, समोरचा पदार्थही जवळपास तोच. म्हणून त्याने तिथल्या साध्या कामगाराच्या तासाच्या मजुरीला त्याच दुकानातल्या बर्गरच्या किमतीने भागलं. तासाभराच्या कामात किती बर्गर विकत घेता येतात, एवढाच प्रश्न. भारतात अर्थात गोमांसाऐवजी कोंबडीचा बर्गर धरावा लागला. २००७ चे त्याचे आकडे असे: जपानमध्ये तीनहून थोडे जास्त, अमेरिकेत २.४, चीनमध्ये ०.५७ आणि भारतात ०.३५. म्हणजे भारतातल्या कामगाराला एका बर्गरसाठी जवळजवळ तीन तास उभं राहावं लागत होतं. माझ्या क्षेत्रातले काही जण या मोजमापाला नावं ठेवतात. बर्गर ही भारतात चैनीची वस्तू आहे आणि गरिबाची टोपली तिच्यावरून मोजू नये, हा त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. कुटुंब कसं जगतं हे यातून कळत नाही. पण ही पद्धत एक गोष्ट निर्विवाद दाखवते आणि तिच्यासाठीच मी तिची बाजू घेतो. ‘आपल्याकडचा कामगार कमी उत्पादक म्हणून पगार कमी’ हे वाक्य इथे टिकत नाही. त्याच यंत्रावर, त्याच घड्याळाप्रमाणे तोच पदार्थ करणाऱ्याच्या मजुरीत सातपट फरक पडत असेल, तर तो त्याच्या हातातला फरक नसतो. त्या हातांना दुसरीकडे काय मिळू शकतं, यावर तो ठरतो. उरणच्या मुलीचा पगारही तिच्या कौशल्यापेक्षा आसपास दुसरं कुठलं काम मिळू शकतं यावरच जास्त ठरतो.

दराबद्दल इतकं पुरे. माझं खरं म्हणणं दरापलीकडचं आहे. देशादेशांतला मोठा फरक पगार किती यापेक्षा रजा, आजारपण आणि म्हातारपण यांची सोय कशाला बांधली आहे, यात आहे. जर्मनीत किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, ही बातमी झाली. त्याहून महत्त्वाचं हे की तिथे वर्षाला किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा आणि आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार हे हक्क दुकानात दोन माणसं असली तरी मिळतात. डेन्मार्कमध्ये तर कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच नाही. कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना मिळून व्यवसायभराचा करार करतात. आपल्याकडे मात्र हक्क दुकानातली डोकी मोजून दिला जातो. कर्मचारी राज्य विमा आणि ग्रॅच्युइटी दहा माणसांपासून, भविष्य निर्वाह निधी आणि बोनस वीसपासून. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये नव्याने झाला. त्यात आठ नैमित्तिक रजा, सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या, साठवता येणारी अर्जित रजा असं बरंच चांगलं आहे, पण कायदा करताना ते दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांपुरतंच ठेवलं. १९४८ च्या जुन्या मुंबई कायद्यात ही रेघ नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती दहावरून वीसवर नेण्याला आणि दिवसाचे तास नवावरून दहा करण्याला मंजुरी दिली. किमान वेतन लहान दुकानालाही लागू असतं हे खरं, पण तेही परिमंडळानुसार बदलतं. महापालिका वरच्या परिमंडळात येते, नगरपरिषद खालच्या. पनवेल ऑक्टोबर २०१६ मध्ये महापालिका झालं, उरण नगरपरिषदच आहे.

अशी रेघ फक्त आपणच ओढली आहे असं नाही. अमेरिकेत मालकाने आरोग्य विमा देण्याची सक्ती पूर्णवेळ पन्नास माणसांपासून सुरू होते, आणि पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला तीस तास. त्यामुळे तीसच्या आत तास ठेवण्याचा मोह मालकाला होतो. भरपगारी रजेचा तर तिथे संघीय कायदाच नाही. आपली रचना युरोपपेक्षा अमेरिकेच्या जवळची आहे, फक्त पगार अमेरिकेचा नाही. आखाताकडे पाहिलं तर आणखी आश्चर्य वाटतं. रायगड-रत्नागिरीतली कितीतरी घरं तिथल्या दुकानांच्या पगारावर उभी राहिली. संयुक्त अरब अमिरातीत परदेशी कामगाराला किमान वेतन नाही, संघटना करता येत नाही, आणि राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. तरीही वर्षभर नोकरी झाली की दरवर्षी किमान २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी आणि तीस दिवसांची रजा हा हक्क दुकान कितीही लहान असलं तरी मिळतो. उरणमध्ये चार जणांच्या दुकानात वीस वर्षं काढलेल्या माणसाला तो नाही.

जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि ही आंतरराष्ट्रीय तुलना एका रेल्वेमार्गावर येऊन बसली. उरणच्या पेठेतल्या दुकानात लागणारी मुलगी आणि तीच गाडी पकडून सीवूड्सच्या मॉलमध्ये साखळी दुकानात जाणारी तिची मैत्रीण, दोघींचं काम एकच. मॉलमधलीच्या पगारातून पीएफ आणि ईएसआय, म्हणजे निर्वाह निधी आणि राज्य विमा, कापला जातो, म्हणून हातात कदाचित थोडंच जास्त पडतं, आणि घरचे म्हणतात की एवढ्यासाठी रोजचा प्रवास कशाला. हा हिशेब चुकीचा आहे. कापलेल्या पैशांत मालकाचेही पैसे पडत असतात, आणि बाळंतपणात किंवा अपघातात तेच उपयोगी येतात. अर्थात मॉलमध्येही एजन्सीमार्फत घेतलेली, अकरा महिन्यांनी बदलली जाणारी माणसं असतात; तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, लहान दुकानातलं नातं घरच्यासारखं असतं. दिवाळीला कपडे आणि बोनस, अडीनडीला उचल, घरात लग्न निघालं की मदत, आणि खाडा झाला तरी सांभाळून घेणं. हे खरं आहे आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. पण उचल पुढच्या पगारातून वळती होते, आणि मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसला की सांभाळून घेणं संपू शकतं. ज्याची दाद मागता येत नाही ते वेतनाच्या तक्त्यात लिहिता येत नाही. आपल्याच देशात याचं उदाहरण आहे. कोळिकोडच्या मिठाई तेरुवुतल्या दुकानांत बायकांना दिवसभर बसू दिलं जात नसे. पी. विजी आणि त्यांच्या ‘पेण्कूट्ट’ संघटनेने लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये केरळने दुकान कायदा बदलून बसायचा हक्क दिला; तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. एका स्टुलासाठीसुद्धा कायदा लागला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चार माणसांच्या दुकानदाराला हे झेपणार नाही, आणि त्याचे कागद कोण सांभाळणार? आधी झेपण्याचं पाहू. १२,००० पगारावर राज्य विम्याचा मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे महिना ३९० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी वर्षाला पंधरा दिवसांचा पगार बाजूला ठेवला तर महिन्याला ५७७. दोन्ही मिळून एका माणसामागे हजाराच्या आत. हा बोजाच नाही असं मी म्हणणार नाही. ऑनलाइन विक्रीने धंदा कमी झालेल्या दुकानदाराला चार हजारही जाणवतात. पण धंदा बुडवणारा हा आकडा नाही. किमान वेतन वाढलं की नोकऱ्या जातात हा समजही डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी १९९४ मध्येच न्यू जर्सीतल्या खाद्यदुकानांच्या अभ्यासाने हलवला, आणि त्या कामासाठी कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

कागदांचं उत्तर तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच दिलेलं आहे. माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळं स्थापन केली. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, आणि भविष्य निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार हे मंडळ बघतं. हमाल आज या दुकानात आणि उद्या त्या दुकानात असला तरी त्याचं खातं एकच राहतं. कोणत्या दुकानात किती माणसं हा प्रश्नच तिथे येत नाही. या मंडळांत पुढे अनेक दोष शिरले, माथाडीच्या नावाने खंडणी उकळण्याच्या तक्रारीही झाल्या, आणि त्या खऱ्या आहेत. तरी माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या पिढीने जी रचना उभी केली, तिची मूळ कल्पना मला आजही डेन्मार्कच्या कराराइतकीच भक्कम वाटते. नोंदणीकृत माथाडी साखरेचं पोतं दुकानाच्या दारात उतरवतो, त्याच्या मजुरीवर लेव्ही पडते. त्याच पोत्यातली साखर आत दिवसभर जोखून देणाऱ्यासाठी तसं मंडळ नाही. ते काढायला नवा शोध लावावा लागणार नाही. जिल्ह्याच्या पातळीवर दुकान कामगारांचं एक मंडळ, लहानशी लेव्ही आणि मोबाइलवर नोंद एवढं पुरे आहे. रेघ वीसवर नेण्याआधी विधिमंडळात या पर्यायावर चर्चा व्हायला हवी होती.