मागचा हिशेब

यंत्रविद्येशी आमचा संबंध आजवर दुरूनच आला. घड्याळ बंद पडले तर ते कानाशी हलवून पाहावे आणि मग घड्याळजीकडे न्यावे, एवढीच आमची मजल. असे असता ऐन वैशाखात, महूच्या आमच्या अंगणात, एका जुन्या मोटारीच्या पोटाखाली चटई अंथरून आम्ही उताणे पडलेले पाहून शेजाऱ्यांना नवल वाटले, तर त्यात त्यांचा काय दोष?

मोटार आमच्या काकांची. एम.जी. टी.सी. जातीची, १९४७ सालची, दोन माणसांपुरती उघडी गाडी. इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डन गावी १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या. चाके एकोणीस इंची, सायकलीसारखी तारांची. इंजिन अवघे साडेबाराशे घनसेंटिमीटरचे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या डुसेनबर्गसारख्या राजेशाही गाड्यांपुढे ही म्हणजे ऐरावतापुढे शिंगरू. काकांनी ती १९५८ साली मुंबईत जुनी म्हणून घेतली आणि नाशिक, धुळे, सेंधवा करीत, खलघाटाला नर्मदा ओलांडून, महूला आणली. महूचे नाव २००३ पासून कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर झाले. पण छावणीतील जुन्या माणसांच्या तोंडी गाव आणि गाडी दोन्ही आपापल्या जुन्याच नावांनी राहिली.

काका वारले तेव्हा त्यांची इच्छा आम्हांस ठाऊक होती. गाडी कोणा जाणत्याच्या हाती द्यावी आणि जे पैसे येतील ते गोव्यातील आमच्या कुलदेवतेच्या चरणी रुजू करावेत. सुदैवाने छावणीतला एक तरुण मेजर ती घेण्यास राजी झाला. त्याने गाडी फिरवून पाहिली, समोरच्या तबकडीवर बोट ठेवले आणि म्हटले, "एवढा स्पीडोमीटर चालू करून द्या."

येथे या गाडीची एक खोड सांगितली पाहिजे. हिच्या चालकासमोर वेगाची तबकडी नाहीच. त्याच्यासमोर आहे ती इंजिनाच्या फेऱ्या दाखविणारी. वेगाची तबकडी शेजारच्या उतारूसमोर. काकांचे यामुळे काही अडत नसे. वरच्या गिअरात इंजिनाच्या हजार फेऱ्यांना ताशी सुमारे पंधरा-सोळा मैल, हे गणित त्यांच्या बोटांवर असे. म्हणून अकरा वर्षांपूर्वी स्पीडोमीटरची केबल तुटली तेव्हा त्यांनी ती तशीच राहू दिली. उतारूच्या आसनावर बहुधा आम्हीच असू. काटा शून्यावर निजलेला आणि रस्ता मात्र भराभर मागे पळत असलेला, असा तो विलक्षण देखावा आम्ही अकरा वर्षे पाहिला. तबकडीतील मैलांचा आकडा ६१,४०८ वर थांबला होता.

इंदूरच्या बाजारातून आम्ही एक तयार केबल आणली. जुनी काढून नवी बसविणे हे काम आम्हांस नाडा ओवण्याइतके सोपे वाटले. केबल थोडी लांब होती, तेव्हा उरलेल्या भागाचे वेटोळे करून ते तबकडीमागे तारेने बांधून टाकले. काटा हलला. आम्ही घरात येऊन पेढे मागविले. पस्तीसाव्या मैलाला काट्याने पुन्हा शून्याचा आश्रय घेतला.

मग आम्ही उस्तादांना शरण गेलो. त्यांनी उभी हयात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढलेली. आता दृष्टी मंदावली आहे, पण बोटांना सारे दिसते. त्यांनी नव्या केबलीकडे पाहिलेसुद्धा नाही. प्रथम तबकडीमागची चाकी सोडविली आणि यंत्राचा आस चिमटीत धरून हलकेच फिरविला. तो सहज फिरतो की नाही हे आधी पाहायचे. तो जड असेल तर कितीही केबली घाला, सगळ्या तुटणार. आस मोकळा होता. म्हणजे दोष वाटेतला. त्यांनी आमचे वेटोळे दाखविले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तारेला एवढ्या तंग गल्लीत फिरायला लावलेत, ती मरणार नाही तर काय?"

मग त्यांनी आम्हांस केबलीची घडण समजावून दिली. बाहेर नळीसारखे वेष्टन, ते स्थिर. आत पोलादी तारांचा लवचीक दोर, तो गिअरबॉक्सच्या एका दात्याकडून फेऱ्या घेतो आणि तबकडीपर्यंत पोचवितो. या दोरात तारांचे थरावर थर असतात, एक उजवीकडे पिळलेला तर दुसरा डावीकडे, म्हणूनच तो वाकूनही पीळ सोडीत नाही. सर्वांत वरच्या थराचा पीळ फिरण्याच्या दिशेने आवळला जाईल असा हवा. उलटा असेल तर दोर फिरता फिरता स्वतःच उकलत जातो. आमच्या केबलीचा पीळ उलटा निघाला. दुकानदाराने दिली ती आम्ही घेतली. विचारण्याचे ज्ञान आमच्यापाशी नव्हते.

दोन दिवस काम चालले. लाकडी तळफळ्या उचलून गिअरबॉक्सकडचे टोक सोडविले. जुने वेष्टन शाबूत होते. ते रॉकेलने धुऊन वाळविले. आतला दोर वेगळा आणून मापाने छिनीने तोडला. तारा सुटू नयेत म्हणून तोडण्याआधी त्या जागी डाख दिला. वेष्टनाबाहेर दोर किती यावा याचेही माप असते, सुमारे तीन अष्टमांश इंच. जास्त आला तर तो यंत्राच्या आसावर दाब देतो, कमी आला तर पकड सुटते. ग्रीस आम्ही मायेने थापू लागलो तेव्हा उस्तादांनी हात धरला. दोराचा पीळ मळसूत्रासारखा असतो. फिरता फिरता तो ग्रीस वर चढवितो आणि तबकडीत नेऊन ओततो. म्हणून वरचे आठेक इंच कोरडेच ठेवायचे. वाटही त्यांनी बदलली; कोठेही सहा इंचांहून लहान त्रिज्येचे वळण राहू दिले नाही.

चाचणीसाठी आम्ही जानापावची वाट धरली. मुंबईच्या रस्त्याने थोडे जाऊन उजवी-डावीकडच्या टेकड्या सुरू होतात, त्यांतलीच ही एक. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून ती प्रसिद्ध आहे. चंबळेचा उगमही तेथलाच. बाण सोडून समुद्र हटविणारा आणि आपल्या पूर्वजांना कोकणची भूमी मोजून देणारा देव मूळचा आमच्या महूच्या शेजारचा, याचा आम्हांस नेहमीच सूक्ष्म अभिमान वाटत आला आहे.

गाडी उस्तादांचा मुलगा चालवीत होता. आम्ही आमच्या नेहमीच्या आसनावर. काटा उठला, पण कसा? टक, टक, असे टप्प्याटप्प्याने. आमच्या पोटात गोळा आला. परत आल्यावर ही तक्रार सांगितली तेव्हा उस्ताद हसले. नंतरच्या साध्या स्पीडोमीटरांत फिरते चुंबक काट्याला ओढीत असते, म्हणून तो घरंगळत चढतो. या जुन्या यंत्रात मात्र घड्याळासारखी रचना आहे. ते ठरावीक क्षणभर फेऱ्या मोजते, तो आकडा दाखविते आणि पुन्हा मोजू लागते. मोजून झाल्यावाचून बोलायचे नाही, असा त्याचा बाणा. मैलांचाही पडताळा आम्ही घेतला होता. रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे आणि तबकडी मैलांची. पण आठ किलोमीटर म्हणजे पाच मैलांना किंचित कमी. आठवा दगड मागे पडला आणि थोड्याच अंतरावर पाचव्या मैलाचा आकडा फिरला.

आम्ही आनंदाने पैसे पुढे केले. उस्तादांनी ते घेतले, हात पुसले आणि सहज म्हणाले, "साहब, घड़ी तो चल पड़ी. पिछला हिसाब कौन लिखेगा?"

आम्ही घरी आलो, पण तो प्रश्न मागोमाग आला. आता काटा चालू, आकडा चालू. मेजर पाहील तो आकडा खराच समजेल. गेल्या अकरा वर्षांचे मैल त्यात नाहीत हे त्याने विचारले नव्हते, आणि न विचारलेले सांगितलेच पाहिजे असे कोठे लिहिले आहे? शिवाय, आमच्या मनाने हळूच सुचविले, चार पैसे जास्त आले तर ते जाणार देवीकडेच. आपल्या खिशात का घालायचे आहेत? हा युक्तिवाद आम्हांस त्या रात्री फार निर्दोष वाटला. सकाळी देवापुढे दिवा लावताना तो इतका निर्दोष वाटेना. जिला आकडा खरा किती हे ठाऊकच आहे, तिच्यापुढे त्या आकड्याचे पैसे कोणत्या तोंडाने ठेवायचे?

काकांची पेट्रोलची वही काढली. केबल चालू असतानाच्या नोंदींवरून गाडी लिटरला सुमारे सहा मैल देत होती. पुढच्या अकरा वर्षांत पेट्रोल भरले होते आठशे चाळीस लिटर. म्हणजे पाच हजार मैल काकांनी कोणाच्याही नोंदीत न येता कापले होते. त्यांतले बरेचसे आमच्या सोबतीने, हे ती वही चाळताना प्रथमच ध्यानात आले.

मेजरला आम्ही सारे कागदावर लिहून दिले. त्याने ते दोनदा वाचले, थोडा विचार केला आणि किंमत थोडी उतरविली. ते त्याचे म्हणणे वाजवी होते. आम्ही घासाघीस केली नाही. देवस्थानाला रक्कम त्या मानाने कमी गेली.

गाडी नेण्याच्या दिवशी आम्ही तबकडीवरचा आकडा वहीच्या शेवटच्या ओळीत लिहिला, त्याखाली पाच हजारांची बेरीज मांडली आणि वही मेजरच्या हाती दिली. त्याची पत्नी आमच्या आसनावर बसली. फाटकाबाहेर वळताना तिने तबकडीकडे पाहून त्याला काहीतरी मोठ्याने सांगितले. वेगच सांगत असावी.